सर्वपित्रीचं उधाण

आमच्या ह्यांनी काय केलं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि सगळं गाव ते माहीत नसल्यासारखं वागतं. म्हणून मीच सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे. तसंही आता आमच्याकडे चहाला कोण येतंय!

आमचं गाव नायगावच्या खाडीकाठचं. स्टेशनाकडून बघितलं तर वीस-बावीस मजल्यांचे टॉवरच दिसतात, पण त्यांच्या मागे अजून साठ-सत्तर घरं, एक देऊळ आणि भाताची खाचरं शिल्लक आहेत. ही जमीन उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे फार मोठं काही नाही. बांधाखालच्या दगडी मोरीच्या तोंडावर, खाडीच्या बाजूने, वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरतीला खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. आतल्या बाजूला आणखी एक फळी, साखळी आणि कुलूप. झडपेत लाकडं, गवत, टॉवरवाल्यांच्या जुन्या गाद्या, काय वाटेल ते येऊन अडकतं. उधाणाच्या आधी ते काढणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमचे हे, चंद्रहास. त्यांच्या आधी माझे सासरे, रामनाथ.

उघाडीच्या माणसाला गावात एक मान आहे आणि एक बंधन. मान म्हणजे भात झोडल्यावर घरटी एक पायली भात. बंधन असं की त्याने कुणाची बाजू घ्यायची नाही. कुणाच्या शेतातलं पाणी आधी काढायचं आणि कुणाचं मागून, हे त्याच्या हातात. तो एकाचा झाला तर दुसऱ्याचं भात कुजायचं. म्हणून गावकीच्या बैठकीत उघाडीचा माणूस देवळाच्या उंबऱ्यापाशी बसतो. ऐकतो, बोलत नाही. सासरे तिथे जन्मभर बसले. त्यांच्यानंतर हे वीस वर्षं बसले. सासरे मनापासून बसायचे, हे दातओठ खात बसायचे. हे फक्त मला दिसत होतं.

त्याला कारणही होतं. दोन हजार पाचच्या जुलैत पावसाने मुंबई बुडवली, तेव्हा हे दोन दिवस गळ्याएवढ्या पाण्यात उघाडीवर होते. ओहोटी लागली की झडप पायाने रेटायची, भरतीच्या आधी तिच्यातला गाळ उपसायचा. आजूबाजूला लोक माळ्यावर चढून बसले होते आणि आमच्या गावात एकही चूल विझली नाही. पुढे त्याचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ कुणाला, तर तेव्हाच्या सरपंचाला, जो ते दोन दिवस अंधेरीला मेव्हणीकडे अडकला होता. ह्यांना मागच्या रांगेत बसवून बटाटेवडा दिला. तो वडा ह्यांच्या घशात तेव्हापासून अडकलेला आहे. मी किती वेळा म्हटलं, अहो, गिळा आता. पण नाही.

आणि हे सगळं ज्याला नेमकं कळलं, त्याला मीच घरात घेतला. जितेश, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. माझं माहेर नंदाखाल गावचं, केळीच्या वाड्यांतलं. मी तिकडे गेले की हा पोरगा सुट्टीत माझ्या मागे-मागे फिरायचा. आता विरारला राहतो, एका नेत्याच्या ऑफिसात बसतो. काय काम करतोस विचारलं तर ‘को-ऑर्डिनेशन’ म्हणतो. गेल्या वर्षी महापालिकेची रखडलेली निवडणूक होणार अशी हवा सुरू झाली आणि ह्याला मावशीची आठवण यायला लागली. दर रविवारी हजर. मीही खुळी, चिंबोऱ्यांचं कालवण करून घालत होते.

“काका,” चिंबोरीची नांगी फोडत तो एकदा म्हणाला, “दोन हजार पाचचं मी ऑफिसात सांगितलं ना, साहेब दोन मिनिटं गप्प झाले. म्हणाले, असा माणूस आपल्याकडे आहे आणि तो उंबऱ्यावर बसतो?”

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

“वॉर्डात तुमच्याएवढं क्लीन नाव कुणाचंच नाही, काका. तिकीट तुमच्याकडे चालत येईल.”

“मना नाय जमायचं,” हे म्हणाले. “उघाडीचं बंधन हाय.”

“बंधन बाजू न घेण्याचं आहे ना? मग तुम्ही गावाचीच बाजू घ्या. त्याला कोण नाही म्हणेल?”

तो गेल्यावर मी स्पष्ट सांगितलं, “अहो, घरात मीठ कुठे ठेवलंय ते तुम्हाला माहीत नाही, वॉर्ड कसला सांभाळताय!” हे हसले. पण गणपतीच्या आधी शिंप्याकडून दोन पांढरे शर्ट शिवून आले, तेव्हा मी ते कपाटात अगदी तळाशी ठेवले. आयुष्यभर चिखलात उभा राहिलेला माणूस पांढरा शर्ट कशाला शिवतो?

पितृपक्षात जितेश पुन्हा आला. दोघे ओट्यावर बसले होते, मी आत तांदूळ निवडत होते. ह्यांचं म्हणणं साधं होतं. उघाडीची झडप जुनी झालीये, महापालिकेला पाच अर्ज दिलेत, कुणी ढुंकून बघत नाही. तिच्यासाठी सगळं गाव घेऊन तिथे जाऊ.

“अर्जाने काय होत नाही, काका. दिसलं पाहिजे. उधाणाचं पाणी उघाडीतून आत शिरताना दिसलं पाहिजे. बंद झडपेचा व्हिडिओ कोण बघतो?”

“शिरेल कसं? झडप जुनी हाय, पन अजून पक्की लागते.”

“मग थोडी उघडी ठेवू. एक ओंडका घालायचा मध्ये. दहा मिनिटं. शूट झालं की काढून टाकायचा.”

“नाय नाय. भरतीच्या पान्यात झडपेला हात लावायचा नसतो. बाबांचा शब्द हाय तो.”

जितेश हलकेच म्हणाला, “खाडीचं पाणी तुमच्याएवढं कुणाला कळतं, काका? दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलंच नसतं. पण दहा मिनिटं तुमच्या हातात नसतील, तर कुणाच्या असतील?”

मी ऐकत होते. मला वाटलं, हे आता उठतील आणि पोराला ओट्यावरून हाकलतील. त्यांचं पाणी त्यांना माहीत होतं. पण हे म्हणाले, “सर्वपित्रीला दुपारी बाराच्या सुमारास मोठं उधान हाय. तवा बांधावर कोन नसतं.” सूप हातात घेऊन मी बाहेर यायला हवं होतं, त्या सुपानेच दोघांना बडवायला हवं होतं. मी आले नाही. म्हटलं, मनात आणलं तरी करणार नाहीत. हा माझा वाटा, तो मी कुणावर ढकलत नाही.

सर्वपित्रीच्या अमावस्येला दुपारी आमच्या गावात रस्त्यावर कुत्रंही नसतं. घराघरांत वाडवडिलांचं पान वाढायची गडबड असते. मी सासऱ्यांच्या आवडीची खीर केली होती, वडे, भोपळ्याची भाजी, अळूची वडी. पान मुलाने ठेवायचं असतं, म्हणजे ह्यांनी. साडेबारा झाले, एक वाजला, शेजारी कावळे जेवून गेले. आमचं पान तसंच झाकलेलं. दीडला मी बांधाकडे बघायला म्हणून दारात गेले, तर म्हाताऱ्या भागूकाकीच्या बांधालगतच्या शेतात पाणी चमकत होतं. भाताच्या शेतात पाणी असतंच, पण ते असं हलत नाही.

हे आले ते अडीचला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि दोन्ही तळहात सोललेले, मांस दिसत होतं. हे पानापाशी बसले आणि आपणहून बोलले.

“निघंना गं. दहा मिन्टं झाली आनि ओंडका निघंना. पान्याने झडप त्याच्यावर अशी दाबून धरली. आतली फळी खाली सोडली तर ती खाचेत बसंना. मी हानला, वडला, काय काय केलं. ओहोटी लागंपर्यंत दोन तास पानी आत जात होतं.”

“आणि जितेश?”

“तो मगाशीच गेला. माजे हात शूट केले, अपलोड करायचा म्हनाला.”

गावाला बोलवायचं होतं ना! चार माणसं आली असती, पहार घेऊन आली असती, ओंडका निघाला असता. हे मी ओरडून विचारलं. ह्यांनी खाली बघितलं. बोलावलं असतं तर ओंडका कुणी घातला ते सांगावं लागलं असतं. पांढऱ्या शर्टापायी हा माणूस दोन तास एकटा खाडीशी कुस्ती करत राहिला, आणि खाडी अकरा घरांच्या शेतांत जाऊन बसली. त्यात पहिलं शेत भागूकाकीचं. सत्तरी ओलांडलेली बाई, ना मूल ना बाळ, त्या एका खाचरावर वर्षभर जेवते. भात नुकतं निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि निसवत्या भाताला खारं पाणी म्हणजे विषच.

संध्याकाळी गाव जमलं. ह्यांनी सांगितलं, “झडपेत ओंडका अडकला. झडप जुनी हाय, किती वेला सांगितला महापालिकेला.” यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि याच्याएवढं खोटं ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बायकांनी ह्यांचे हात बघून डोळ्यांना पदर लावला. भागूकाकी काठी टेकत आली, हळद-तेल घेऊन आली, आणि स्वतःच्या हाताने तिने ह्यांच्या तळहातांना लेप लावला. “माज्या शेतासाठी केलास रं चंदर,” म्हणाली. हे तिच्याकडे बघू शकले नाहीत. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले.

जितेशचा व्हिडिओ दोन दिवसांत सगळ्या वसई-विरारमध्ये फिरला. एकटा माणूस, उधाणाचं पाणी, रक्ताळलेले हात, मागे कसलंसं तुतारीचं संगीत. महापालिकेवर मोर्चा गेला. हे पांढरा शर्ट घालून पुढे. तलाठी आला, पंचनामा झाला, त्यात ‘नादुरुस्त उघाडीमुळे’ असं लिहिलं गेलं आणि ते वाचून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावकीच्या बैठकीत आमचे गावप्रमुख हरेश्वर ह्यांना म्हणाले, “आता उंबऱ्यावर काय बसतोस, पुढे ये.” आणि हे उठून पुढे गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत भात लाल पडलं. लोंब्या उभ्या होत्या, पण हातात चुरडली तर नुसतं फोल. हे रोज सकाळी बांधावर जायचे, भागूकाकीच्या खाचराच्या बाजूने न जाता लांबून वळसा घालून. रात्री माझ्याशी तिकिटाचं बोलायचे. म्हणजे ह्यांना लाज होती आणि हावही होती, आणि दोन्ही एकाच ताटात जेवत होत्या. मी म्हणायचे, सांगून टाका. हे म्हणायचे, निवडून आलो की पहिली नवी उघाडी बांधीन, काकीच्या शेताचं सगळं भरून देईन. चोराने देवाला नवस बोलावा तशातली गत.

मग आरक्षणाची सोडत निघाली आणि आमची जागा महिलांसाठी राखीव झाली. मी मनात म्हटलं, सुटलो. ग्रहण सुटलं. त्या दिवशी मी साखरभात केला, आता सांगायलाही लाज वाटते. जेवताना हे म्हणाले, “तू उभी रा.”

“काय?”

“नाव तुजं. काम मी करीन. जितेश म्हनतो तसंच करतात सगलीकडे.”

मी ताट बाजूला सारलं. “भागूकाकीच्या दारात मी मत मागायला जाऊ? कुठल्या तोंडाने? तुमचं तोंड तर तुम्ही आधीच विकून खाल्लंत, आता माझं हवंय का?” तीन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जितेशच आला आणि त्याने आमचा प्रश्न सोडवला. तिकीट त्याच्या बायकोला, स्वप्नाला मिळालं होतं. पेढे घेऊन आला होता. आता गावकीच्या बैठकीत काकांनी उठून स्वप्नासाठी शब्द टाकायचा, म्हणजे सगळं गाव मागे येईल.

ह्यांनी पेढ्याचं खोकं त्याच्याकडे परत सरकवलं. “माजं नाव चालवून तू तुजं घर भरलंस,” म्हणाले. “मी बोलनार नाय.”

जितेश चिडला नाही. त्याने मोबाईल काढला आणि ह्यांच्यासमोर धरला. मीही वाकून बघितलं. लोकांनी बघितला तो व्हिडिओ नव्हे, त्याच्या आधीचा. उन्हात हे मोरीवर वाकलेत, दोन्ही हातांनी ओंडका झडपेखाली सारतायत, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. ते हसणं मी ओळखलं. लग्नाच्या फोटोत तसंच आहे.

“हे मी कुणाला दाखवणार नाही, काका. घरचंच माणूस,” तो म्हणाला. “मावशी, पेढा घे ना.”

मी खोकं उचलून अंगणात भिरकावलं. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा! तो पेढे चुकवत बुलेटवर बसला आणि जाताना म्हणाला, “बैठक रविवारी आहे.”

रविवारपर्यंत हे जेमतेम जेवले. शनिवारी म्हणाले, “सगल्यांसमोर सांगून टाकतो. मग त्याच्याकडे काय उरलं?” मला इतका आनंद झाला की रडू आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला आपल्या बापाचा मुलगा वाटला.

देवळात गाव भरलं होतं. जितेश आणि स्वप्ना पुढे, पाहुणे म्हणून. बायका खांबांच्या बाजूला, त्यांच्यात मी, आणि माझ्या शेजारी भागूकाकी. हरेश्वरांनी ह्यांना बोलायला सांगितलं. हे मधोमध गेले, कमरेची उघाडीची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली, आणि उभ्यानेच बोलले.

“ओंडका अडकला नवता. मी घातला होता. या जितेशनेच सांगितला, पन हात माजे होते. तिकिटासाठी केला. अकरा घरांचं भात मी मारलं. गाव देईल ती शिक्षा मना कबूल हाय.”

कुणी हललं नाही. मला वाटलं, आता उठतील, मारतील, वाळीत टाकतील, काहीतरी करतील. जितेशचा चेहरा क्षणभर पडला, मग त्याने हरेश्वरांकडे बघितलं. हरेश्वरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

“चंद्रहास,” ते म्हणाले, “पंचनाम्यात काय लिवलंय ते तुला म्हाईत हाय ना?”

“हाय.”

“उघाडी नादुरुस्त होती, असं लिवलंय. भरपाई मंजूर झालीये, यायचीये अजून. तू असं बोललास तर एका घराला काय मिलनार नाय. वर खोट्या पंचनाम्याचा गुन्हा अकरा घरांवर.”

“पन खरं—”

“तुला बरं नाय. उधानापासून तुजी तब्येत बरी नाय, सगल्यांना म्हाईत हाय. तू काय बोललास, ते आमी ऐकलं नाय.” ते बाकीच्यांकडे वळले. “कोनी ऐकलं का?”

कोणी ऐकलं नव्हतं. ज्यांची शेतं गेली तीही माणसं खाली बघत होती. तोंडात मारल्यासारखं मला झालं. अरे, खऱ्याला शिक्षाही द्यायला तुमच्याकडे वेळ नाही? लोक उठले, चपला शोधायला लागले. जितेशने वाकून सतरंजीवरची किल्ली उचलली, हरेश्वरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि त्याने ती खिशात टाकली. स्वप्नाच्या नावाचा शब्द हरेश्वरांनीच टाकला.

देऊळ रिकामं झालं तरी हे तिथेच उभे होते. भागूकाकी खांबाला धरून उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ह्यांनी मान खाली घातली, तिच्या हाताची वाट बघितल्यासारखी.

“मी ऐकलं रं, पोरा,” ती म्हणाली. “सगलं ऐकलं. पन मना बी खायला लागतं.” आणि काठी टेकत बाहेर गेली.

आम्ही दोघं बांधाच्या वाटेने घरी निघालो. दिवस मावळत होता, टॉवरमध्ये एकेक दिवा लागत होता. अर्ध्या वाटेत हे थांबले. म्हणाले, “आशा, तू तरी काय बोल मना. शिव्या दे.”

तीस वर्षांत मी ह्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या वाटेवर केलं. मूर्खा म्हटलं, नालायका म्हटलं, बापाचं नाव खाडीत बुडवलंस म्हटलं. वडा घशात अडकला म्हणून म्हातारीचं ताट पालथं केलंस म्हटलं. एवढीशी शाल हवी होती तर मला सांगायचं होतंस, मी आणून घातली असती, रोज घातली असती रे! माझा आवाज चिरकला तरी मी थांबले नाही. समोरून दोन माणसं आली, आमच्याकडे न बघता बाजूने गेली. हा माझ्या शेजारून चालत राहिला, मान खाली घालून, एकेक शब्द पदरात घेत, आणि मी जरा दम घ्यायला थांबले की म्हणायचा, “अजून.”